सायकलीचे दिवे

रात्रीच्या वेळी सायकलस्वारास पुढील मार्ग दिसावा आणि इतर वाहनचालकांस व पादचाऱ्यांस सायकलीचे अस्तित्व दुरून कळावे, यासाठी सायकलीवर बसविलेली प्रकाशसाधने. यांत पुढचा पांढरा दिवा, मागचा तांबडा दिवा आणि स्वतः प्रकाश न देता दुसऱ्या वाहनाचा प्रकाश परत पाठविणारे परावर्तक यांचा समावेश होतो. पाहणे आणि दिसणे ही या दिव्यांची दोन भिन्न कार्ये होत. सायकलीच्या दिव्यांचा सव्वाशेहून अधिक वर्षांचा इतिहास म्हणजे एका अर्थी या दोन कार्यांतील भेद हळूहळू लक्षात येत गेल्याचा इतिहास आहे. प्रारंभी सर्व भर पाहण्यावर होता. मोटारींचा वेग व संख्या वाढल्यानंतर दिसण्याचे महत्त्व अधिक ठरले आणि त्याबरोबरच, सायकलस्वार दिसला नाही तर जबाबदारी कोणाची, हा वादाचा प्रश्नही पुढे आला.

तेलाचे दिवे : कार्ल ड्राइस यांनी १८१७ मध्ये जर्मनीत तयार केलेल्या पायटे नसलेल्या दुचाकीला किंवा १८६० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये प्रचारात आलेल्या पायट्यांच्या सायकलीला दिव्याची विशेष गरज भासली नाही. ही वाहने मुख्यतः दिवसा व हौसेखातर वापरीत. १८७० नंतर पुढचे चाक फार मोठे व मागचे अगदी लहान असलेली उंच सायकल रूढ झाली. तिच्यावरून दूरचे प्रवास होऊ लागले व परतताना रात्र होऊ लागली. या सायकलीवर स्वार पुढच्या चाकाच्या जवळजवळ माथ्यावर बसे. त्यामुळे वाटेतील दगडाने वा खळग्याने चाक अडल्यास तो डोक्यावरून पुढे फेकला जाई. अंधारात हा धोका साहजिकच वाढे.

उंच सायकलीसाठी दिवा पुढच्या चाकाच्या आतच, आऱ्यांच्या मधोमध, तुंब्याच्या आसाला टांगण्याची युक्ती काढण्यात आली. चाक फिरत राही, पण दिवा आपल्या वजनाने लोंबकळत सरळ उभा राही. इंग्लंडमधील बर्मिंगहॅम येथील जोसेफ ल्यूकस यांच्या कारखान्याने १८७९ मध्ये ‘किंग ऑफ द रोड’ या नावाने असा दिवा बाजारात आणला. त्याआधी हा कारखाना जहाजांवरील दिवेही करीत असे. अनेक सायकल-दिव्यांच्या बाजूंना जहाजाप्रमाणेच उजवीकडे हिरवी व डावीकडे तांबडी काच असे. जॉन केम्प स्टार्ली यांच्या १८८५ मधील ‘रोव्हर’ सायकलीपासून सारख्या आकाराच्या दोन चाकांची सुरक्षित सायकल रूढ झाली आणि दिवा तुंब्यावरून निघून हातदांड्याजवळील कंसावर आला. रस्त्याच्या धक्क्यांनी ज्योत विझू नये म्हणून या कंसाला स्प्रिंगा बसवीत.

या दिव्यांत वनस्पतिज तेल, रॉकेल किंवा त्यांचे मिश्रण वापरीत. ज्योतीमागे चकचकीत धातूचा अंतर्वक्र परावर्तक व पुढे भिंग असले, तरी प्रकाश थोड्याच कँडेलांचा असे. काजळीने परावर्तक लवकरच काळवंडे, वात वारंवार कातरावी लागे आणि जोराच्या वाऱ्यात दिवा विझे. अशा दिव्याने समोरचा रस्ता चारदोन मीटरांपलीकडे दिसत नसे. तरीही समोरून येणाऱ्याला सूचना मिळण्याइतका त्याचा उपयोग निश्चित होता.

पहिले कायदे : इंग्लंड व वेल्ससाठी १८८८ मध्ये झालेल्या स्थानिक शासन अधिनियमाच्या ८५ व्या कलमाने सायकल ही कायद्याच्या दृष्टीने गाडी ठरली. सूर्यास्तानंतर एका तासापासून सूर्योदयापूर्वी एका तासापर्यंत, सायकल ज्या दिशेने जात असेल त्या दिशेला प्रकाश पडेल असा पेटता दिवा तिच्यावर असणे याच कलमाने बंधनकारक केले. दिव्याचा हेतू सायकलीच्या आगमनाची व स्थानाची पुरेशी सूचना देणे हा आहे, असे कलमातच म्हटले आहे. म्हणजे ‘दिसणे’ हे कार्य कायद्याने प्रथमपासूनच ओळखले होते. मात्र त्याला अभिप्रेत असलेली सूचना केवळ पुढच्या दिशेला होती. मागून येणारे वाहन त्या काळी बहुधा घोड्याच्या वेगाने येई व घोडा अंधारातही अडथळा टाळी. त्यामुळे मागच्या दिव्याचा विचार झाला नाही. सायकलीला दिवा सक्तीचा असताना घोडागाड्या व मालगाड्या यांना तसा देशव्यापी नियम नव्हता, ही सायकलस्वारांची मोठी तक्रार होती. गाड्यांच्या दिव्यांसंबंधी १९०७ मध्ये झालेल्या अधिनियमाने ती बऱ्याच अंशी दूर झाली.

ॲसिटिलीन दिवे : ॲसिटिलीन वायूचा शोध एडमंड डेव्ही यांनी १८३६ मध्ये लावला होता. तथापि तो वायू देणारे कॅल्शियम कार्बाइड विद्युत् भट्टीत स्वस्तात तयार करण्याची कृती १८९२ च्या सुमारास अमेरिकेत टॉमस विल्सन यांना व स्वतंत्रपणे फ्रान्समध्ये आंरी म्वासां यांना साधली. त्यानंतर काही वर्षांतच सायकलीचे ॲसिटिलीन दिवे बाजारात आले. या दिव्यात दोन कप्पे असतात. वरच्या कप्प्यातील पाणी झडपेतून थेंबथेंब खालच्या कप्प्यातील कार्बाइडवर पडते. त्यांच्या विक्रियेने ॲसिटिलीन वायू व विरलेला चुना तयार होतो. वायू बारीक छिद्रांच्या ज्वालकाकडे जाऊन पांढऱ्या, प्रखर ज्योतीने जळतो. तेलाच्या दिव्याच्या मानाने हा प्रकाश कितीतरी पट अधिक होता आणि रात्री खऱ्या अर्थाने मार्ग पाहून सायकल चालविणे प्रथमच शक्य झाले.

या दिव्याच्या अडचणीही बऱ्याच होत्या. पाण्याची झडप बंद केली तरी ओलसर कार्बाइडमधून वायू काही काळ येतच राही. थेंबांचे प्रमाण कमीजास्त झाल्यास ज्योत एकदम भडके किंवा मंदावे. ज्वालकाची छिद्रे चोंदत. प्रत्येक फेरीनंतर चुन्याचा चिखल खरवडून काढावा लागे आणि अशुद्ध कार्बाइडमुळे वायूला उग्र वास येई. थंड प्रदेशांत पाणी गोठून दिवा बंद पडे. तथापि स्वस्त व भरवशाचे विजेचे दिवे येईपर्यंत, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतरही काही वर्षे, हे दिवे टिकून राहिले.

विजेचे दिवे : कार्ल गासनर यांनी १८८० नंतरच्या दशकात निर्जल विद्युत् घट तयार केल्यामुळे सुवाह्य विजेरी दिव्यांचा मार्ग मोकळा झाला. प्रारंभीचे घट दुर्बल होते व लवकर संपत. रोज रात्री सायकल वापरणाऱ्या कामगारास त्यांचा आवर्ती खर्च परवडत नसे. घट संपत आला की प्रकाश हळूहळू मंदावतो व स्वाराच्या ते लवकर लक्षात येत नाही, हा या दिव्यांचा दोष पुढेही दीर्घकाळ राहिला.

यावर उपाय म्हणून स्वाराच्याच श्रमातून वीज निर्माण करणारे छोटे जनित्र पुढे आले. जर्मनीतील बॉश कंपनीने १९२३ मध्ये सायकलीच्या दिव्यांचे उत्पादन सुरू केले. बाटलीच्या आकाराच्या या जनित्राची दातेरी टोपी टायरच्या कडेला टेकते व चाकाबरोबर फिरते. व्यवहारात याला ‘डायनॅमो’ म्हणतात. वस्तुतः ते कायम चुंबक फिरून प्रत्यावर्ती प्रवाह देणारे जनित्र आहे. ६ व्होल्ट व ३ वॉट ही त्याची क्षमता पुढे रूढ झाली. त्यांपैकी २·४ वॉट पुढच्या व ०·६ वॉट मागच्या दिव्यासाठी असतात. वेग वाढल्यावर विजेची वारंवारता वाढते व वेटोळ्याचा विरोधही वाढतो. त्यामुळे प्रवाह सु. अर्ध्या अँपिअरच्या आसपास आपोआप मर्यादित राहतो. मात्र एक दिवा गेला की सर्व प्रवाह दुसऱ्यातून जाऊन तोही बहुधा जळतो. डायनॅमो वापरणाऱ्यांना हा अनुभव परिचयाचा आहे.

टायरवरील डायनॅमोमुळे सायकल जड चालते, पावसात टोपी टायरवरून घसरते व आवाज होतो. सर्वांत गंभीर दोष म्हणजे सायकल थांबताच दिवे विझतात. चौकात वळण्यासाठी रस्त्याच्या मध्यभागी थांबलेला स्वार नेमका त्याच क्षणी दिसेनासा होतो. चाकाच्या तुंब्यातच जनित्र बसविण्याची पद्धत इंग्लंडमधील स्टर्मी-आर्चर कंपनीने १९३० नंतरच्या दशकात ‘डायनोहब’ या नावाने प्रचारात आणली. तिच्यात घसरण व आवाज नव्हता, पण थांबल्यावर दिवा विझण्याचा दोष कायम होता. पुढे धारित्रात थोडी वीज साठवून थांबल्यानंतर काही मिनिटे दिवा तेवत ठेवण्याची सोय झाली, तेव्हा तो दूर झाला.

मागील दिव्याचा वाद : पहिल्या महायुद्धानंतर मोटारींची संख्या झपाट्याने वाढली आणि मागून धडक बसण्याचा धोका प्रथमच प्रमुख ठरला. सायकलीला मागे तांबडा दिवा सक्तीचा करावा, अशी मागणी ब्रिटनमध्ये होऊ लागली. सायकलस्वारांच्या संघटनांनी, विशेषतः १८७८ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे ‘सायक्लिस्ट्स टूरिंग क्लब’ असे नाव घेतलेल्या संस्थेने, तिला कडवा विरोध केला. सुरक्षिततेच्या साधनाला ज्यांची सुरक्षितता धोक्यात आहे त्यांनीच विरोध करावा, हे वरवर पाहता विपरीत वाटते. परंतु त्यामागील युक्तिवाद विचारात घेण्याजोगा आहे.

आपल्या दिव्यांच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्या अंतरात थांबता येईल अशा वेगानेच मोटार चालविली पाहिजे, हे या संघटनांचे मूळ तत्त्व होते. रस्त्यावर पादचारी, गुरे, मोडलेली झाडे असे दिवा नसलेले पुष्कळ काही असते. सायकलीला मागचा दिवा सक्तीचा झाला, की ज्यावर दिवा नाही ते रस्त्यावर नाहीच, असे चालक गृहीत धरतील. शिवाय मागचा दिवा विझल्याचे स्वाराला कळत नाही. अशा वेळी अपघात झाल्यास दोष मृत वा जखमी स्वाराच्याच माथी मारला जाईल. तेलाच्या व घटाच्या दिव्यांचा भरवसा आणि सायकल वापरणाऱ्यांची आर्थिक स्थिती पाहता ही भीती निराधार नव्हती. उलट पक्षाचे म्हणणे असे, की तत्त्व कितीही न्याय्य असले, तरी पावसाळी रात्री, समोरून येणाऱ्या दिव्यांनी डोळे दिपलेले असताना, सावध चालकालाही विनादिव्याची सायकल वेळेवर दिसत नाही.

ब्रिटनमधील १९२७ च्या अधिनियमाने मधला मार्ग काढला. मागे तांबडा दिवा किंवा त्याऐवजी तांबडा परावर्तक चालेल, असे त्याने ठरविले. १९३४ मध्ये मागच्या चाकाच्या आच्छादनावर पांढरा पट्टा लावण्याचीही तरतूद झाली. सप्टेंबर १९३९ मध्ये दुसऱ्या महायुद्धातील दीपबंदी सुरू झाली. मोटारींचे दिवे झाकले गेल्याने परावर्तक निरुपयोगी ठरले आणि मागचा दिवा सक्तीचा झाला. दीपबंदीच्या काळात ब्रिटनमधील रस्त्यांवरील मृत्यू पुष्कळच वाढले. १९४१ मध्ये ते ९ हजारांहून अधिक होते. युद्धकालीन हा नियम १९४५ च्या अधिनियमाने कायम झाला व वाद कायद्यापुरता संपला. त्यातील मूळ प्रश्न मात्र, म्हणजे सुरक्षिततेचा भार दुर्बलाने किती व बलवानाने किती उचलावा, हा आजही संपलेला नाही.

परावर्तक : साधा आरसा तिरपा पडलेला प्रकाश दुसऱ्याच दिशेला पाठवितो. सायकलीचा परावर्तक मात्र प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेला परत पाठवितो. परस्परांशी काटकोनात असलेल्या तीन पृष्ठांच्या सूक्ष्म कोपऱ्यांमुळे, किंवा बारीक काचगोलकांमुळे, हे साधते. रस्त्यात बसविले जाणारे ‘मांजरडोळे’ हे पर्सी शॉ यांचे १९३४ मधील साधनही काचेच्या भिंगांच्या व परावर्तक पृष्ठाच्या साहाय्याने हेच साधते. महाराष्ट्रात ऊस वाहून नेणाऱ्या बैलगाड्यांच्या मागे जे तांबडे परावर्तक लावतात त्यांचे कार्यही असेच चालते.

परावर्तकाला तेल लागत नाही व घटही लागत नाहीत. परंतु मागून येणाऱ्या वाहनाचा दिवा लागलेला असेल व त्याचा झोत परावर्तकावर पडेल, तरच तो उजळतो. आडव्या रस्त्याने येणाऱ्या वाहनाला, पादचाऱ्याला किंवा दुसऱ्या विनादिव्याच्या सायकलस्वाराला त्याचा उपयोग नाही. चिखलाने माखलेला परावर्तक तर असून नसल्यासारखाच असतो. पायट्यांवरील पिवळ्या परावर्तकांना मात्र विशेष महत्त्व आहे. ते वरखाली हलत असल्यामुळे पुढे सायकलच आहे हे चालकाला तत्काळ उमगते. गुडघे व घोटे यांवर बांधलेल्या परावर्तक पट्ट्याही याच कारणाने उपयुक्त ठरतात.

प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थ : तांबडा दृश्य प्रकाश देणारे द्विप्रस्थ (व्यवहारातील ‘एलईडी’) निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये तयार केले. १९९० च्या सुमारास त्यावर चालणारे मागचे दिवे प्रचारात येऊ लागले. जपानमध्ये आकासाकी, आमानो व नाकामुरा यांच्या संशोधनातून निळा द्विप्रस्थ साध्य झाला (या कार्यास २०१४ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले) आणि त्यापासून पांढरा प्रकाश मिळविता आल्याने पुढच्या दिव्यातही क्रांती झाली. तप्ततंतू दिव्याच्या अनेक पट प्रकाश तेवढ्याच विजेत मिळतो, तंतू तुटण्याचे भय नाही आणि पुन्हा भारित करता येणाऱ्या लिथियम-आयन घटांमुळे आवर्ती खर्चही नगण्य झाला. जर्मनीने दीर्घकाळ डायनॅमो सक्तीचा ठेवला होता. तेथेही २०१३ मध्ये घटांवरील दिव्यांना मुभा देण्यात आली.

दिवसाही सतत तेवणाऱ्या दिव्यांचा एक महत्त्वाचा प्रयोग डेन्मार्कमधील ओडेन्से येथे २००४–०५ मध्ये झाला. ३,८४५ सायकलस्वारांपैकी एका गटाच्या सायकलींना चाकावरील चुंबकांनी चालणारे दिवे बसविले व दुसऱ्या गटाशी तुलना केली. दिवे बसविलेल्या गटात इजा झालेल्या अपघातांचे प्रमाण १९ टक्के कमी आढळले.

दिव्यांची निवड : योग्य दिवा निवडताना प्रथम अंतराचा विचार करावा. ताशी २० किमी. वेगाने जाणारा सायकलस्वार सेकंदाला सु. ५·६ मी. अंतर तोडतो. अडथळा दिसून ब्रेक लागेपर्यंत दीड सेकंद व नंतर थांबण्यास लागणारे अंतर धरता त्याला कोरड्या रस्त्यावर सु. १३–१४ मी. लागतात. ताशी ३० किमी. वेगाला हेच अंतर सु. २४ मी. होते. तेवढा रस्ता पुढच्या दिव्याने उजळला पाहिजे. मागून ताशी ६० किमी. वेगाने येणाऱ्या मोटारीला थांबण्यास सु. ५० मी. व ताशी ८० किमी. वेगाला सु. ७५ मी. लागतात. पाऊस किंवा घासलेले टायर असल्यास हे अंतर आणखी वाढते. म्हणून मागचा दिवा शंभर मीटरांवरूनही स्पष्ट दिसेल असाच असावा.

दिव्याच्या वेष्टनावर बहुधा एकूण प्रकाश ल्यूमेनमध्ये दिलेला असतो. पण तो कोठे पडतो हे अधिक महत्त्वाचे आहे. गोल झोताचा प्रखर दिवा निम्मा प्रकाश झाडांच्या शेंड्यांवर व समोरच्याच्या डोळ्यांत टाकतो. वरच्या बाजूस छाटलेल्या झोताचा, कमी ल्यूमेनचा दिवा रस्ता अधिक चांगला दाखवितो. जर्मन नियमांत घटांवरील पुढच्या दिव्यास १० मी. अंतरावर किमान १० लक्स, म्हणजे १,००० कँडेला, एवढी तीव्रता अपेक्षित असून क्षितिजाच्या वर जाणाऱ्या प्रकाशावर मर्यादा घातलेली आहे. झोताचा मध्य सु. १० मी. पुढे रस्त्यावर पडेल अशा रीतीने दिवा किंचित खाली झुकवून बसवावा.

शहरातील उजळलेल्या रस्त्यांवर मुख्यतः दिसण्यासाठीच दिवा हवा असतो. तेथे मध्यम तीव्रतेचा, पण बाजूंनीही दिसणारा दिवा पुरतो. खेड्यापाड्यांतील अंधाऱ्या रस्त्यांवर रुंद झोताचा प्रखर दिवा आवश्यक ठरतो. लुकलुकणारा दिवा लक्ष चटकन वेधून घेतो, परंतु त्याचे अंतर व वेग अजमावणे चालकाला कठीण जाते. ब्रिटनमध्ये २००५ पासून अशा दिव्यांना ठराविक मर्यादेत परवानगी आहे, तर जर्मनीत सायकलींवर ते निषिद्ध आहेत. मागे एक स्थिर व एक लुकलुकणारा असे दोन दिवे असल्यास दोन्ही गुण मिळतात आणि एक विझला तरी दुसरा राहतो. मागील दिवा पिशवी, डबा वा अंगावरील कपडा यांनी झाकला जाणार नाही, अशा जागी हवा. आपल्याकडील पावसाळ्याचा विचार करता दिवा जलरोधी असावा. घटांचे दिवे वापरात नसताना घट काढून ठेवावेत, अन्यथा ते पाझरून जोडण्या गंजतात.

भारतातील स्थिती : भारतात सायकल ब्रिटिश अमदानीत आली व तिच्याबरोबर दिव्याचे नियमही आले. शहरांतील पोलिसांच्या व नगरपालिकांच्या नियमांनी रात्री दिवा सक्तीचा झाला. सायकलींचे शहर म्हणून ख्यात असलेल्या पुण्यात विनादिवा सायकल चालविणे व एका सायकलीवर दोघांनी बसणे हे अनेक दशके पोलिसांच्या कारवाईचे नेहमीचे विषय होते. चौकात पोलीस दिसताच खाली उतरून सायकल हातात धरून चालू लागणे हा त्यावरील सर्वमान्य उपाय होता. दिवा हा जीव वाचविण्यासाठी नसून दंड चुकविण्यासाठी आहे, अशी समजूत त्यातून दृढ झाली. पुढे सायकलींची संख्या घटली व नियमांची अंमलबजावणीही सैल झाली.

मोटार वाहन अधिनियम १९८८ मधील व्याख्येनुसार साधी सायकल हे मोटार वाहन नाही. त्यामुळे मोटारींप्रमाणे कारखान्यातूनच दिवे बसवून येण्याचे बंधन तिला लागू होत नाही. केंद्र शासनाने २०२० मध्ये सायकलींच्या परावर्तकांसाठी गुणवत्ता नियंत्रण आदेश काढला, हे स्वागतार्ह आहे. तथापि बहुतेक साध्या सायकली दिव्याविनाच विकल्या जातात. पहाटे दूध व वर्तमानपत्रे घालणारे, रात्रपाळीचे कामगार, पहारेकरी आणि शेताला पाणी देण्यासाठी रात्री निघालेले शेतकरी हेच अंधारात सायकल चालविणारे प्रमुख लोक आहेत. त्यांतील अनेकांजवळ मागचा दिवा नसतो. एके काळी त्याला खर्च हे सबळ कारण होते. आता सायकलीच्या किमतीच्या मानाने दिव्याची किंमत अल्प आहे. उणीव आहे ती दिवा हा सायकलीचा ब्रेकइतकाच अविभाज्य भाग मानण्याची.